स्पाइन मोजताना वय विसरू नका

प्रश्न : फ्रॅजाइल एक्सच्या (स्वमग्नतेशी जोडलेला एक आनुवंशिक विकार), म्हणजे एफएमआर१ जनुक निकामी केलेल्या उंदरांत चेतापेशींवर स्पाइन जास्त असतात, असे वाचले होते. आम्ही ८ आठवड्यांच्या नरांचे मेंदू गॉल्जी-कॉक्स पद्धतीने रंगवले. प्रत्येक गटात ३ उंदीर, ६० शाखा. मिशांशी संबंधित बाह्यकात (मेंदूच्या बाहेरच्या थरात) फरक दिसत नाही. शिवाय काचपट्ट्यांवर काळे खडे. कुठे चुकले? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : फरक न दिसणे ही चूक असेलच असे नाही. (इतर वाचकांसाठी : हे स्पाइन म्हणजे पाठीचा कणा नव्हे. चेतापेशीच्या शाखांवरचे हे बारीक उंचवटे असतात आणि बहुतेक उत्तेजक सिनॅप्स (चेतापेशींमधले जोड) त्यांच्यावरच होतात.) हा उंदीर १९९४ मध्ये तयार झाला. १९९७ मध्ये प्रौढ उंदरांच्या दृष्टी-बाह्यकात लांब, बारीक, अपक्व आणि संख्येनेही जास्त स्पाइन सापडले. पण २००१ मध्ये तुमच्याच भागात, मिशांच्या बाह्यकात पाहिले तेव्हा फरक पहिल्या आठवड्यात ठळक होता आणि चौथ्या आठवड्यापर्यंत बराच ओसरला होता. तुम्ही आठव्या आठवड्यात गेलात! जन्मानंतरचे ७, १४ आणि २८ दिवस असे टप्पे घ्या. नुसती संख्या नको, स्पाइनची लांबी आणि त्याच्या टोकाकडच्या डोक्याची रुंदीही मोजा. या उंदरात आकार पुष्कळदा संख्येपेक्षा जास्त सांगतो.

आता मोजणी. ६० शाखा मोजल्या म्हणून नमुना ६० होत नाही, तो ३ च राहतो. एकाच घरातल्या वीस जणांना विचारून गावाचे मत कळत नाही. उंदीर वाढवा, किंवा उंदीर हा घटक धरणारे मिश्र प्रारूप (संख्याशास्त्रातले मिक्स्ड मॉडेल) वापरा. शाखेचा क्रम (ती कितवी फांदी आहे) आणि पेशीकायेपासूनचे, म्हणजे पेशीच्या मुख्य भागापासूनचे, अंतर दोन्ही गटांत सारखे ठेवा, आकडा दर १० मायक्रॉनला द्या. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. काचपट्टीवरचे लेबल झाकणे एवढेच काम आहे, तरी तेच राहून जाते. काळ्या शाखेच्या वर-खाली असलेले स्पाइन झाकले जातात, त्यामुळे एका गटाच्या शाखा जाड असतील तर तिथली मोजणी आपोआप कमी येते. शाखेची जाडीही नोंदवा.

खड्यांचे कारण बहुधा द्रावणात आहे. ५ टक्क्यांची तीन द्रावणे करा : पोटॅशियम डायक्रोमेट ५० मिली, मर्क्युरिक क्लोराइड (पाऱ्याचा क्षार) ५० मिली, पोटॅशियम क्रोमेट ४० मिली. पहिली दोन एकत्र करा, तिसऱ्यात १०० मिली ऊर्ध्वपातित पाणी घालून ते त्यात मिसळा आणि अंधारात ४८ तास ठेवा. तळाचा गाळ ढवळू नका, वरचे निथळ द्रावणच घ्या. मेंदू घातल्यावर २४ तासांनी द्रावण बदला, मग साधारण १४ दिवस अंधारात. धातूचा चिमटा चालत नाही, पाऱ्याच्या क्षाराशी त्याची अभिक्रिया होते. काच किंवा प्लास्टिक वापरा. काप १०० ते २०० मायक्रॉनचे, पण १००एक्स तेलभिंगाची पोच तेवढी खोल नसते, म्हणून वरच्या थरातल्याच शाखा निवडा. पारा सिंकमध्ये ओतायचा नाही, वेगळ्या बाटलीत साठवायचा.

प्रश्न : आमच्या ६ वर्षांच्या मुलाला स्वमग्नता आहे. उंदरांत दिसलेले हे बदल एमआरआयमध्ये कळतील का? उंदीर औषधाने सुधारले असेही वाचले. (पालक, ठाणे)

उत्तर : नाही. स्पाइन साधारण एक-दोन मायक्रॉनचा, तर रुग्णालयातल्या एमआरआयचा एक ठिपका सुमारे १ मिलिमीटरचा. उंदराला "ऑटिझम" (स्वमग्नता) झालेला नसतो, त्याच्यात एका जनुकाचा दोष घातलेला असतो. आणि दोष बदलला की चित्रही बदलते. रेट सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय विकाराच्या उंदरांत स्पाइन कमी होतात, सिनगॅप१ या जनुकात दोष असलेल्या उंदरांत ते वेळेआधी पक्व होतात. सगळ्यांना लागू होणारी एकच रचना नाही.

औषधांचेही तसेच. फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांत एमग्लुआर५ हा ग्राहक (चेतापेशीवरचा, संदेश घेणारा रिसेप्टर) रोखल्यावर सुधारणा दिसली, पण त्याच तत्त्वावरचे माव्होग्लुरँट हे औषध माणसांच्या चाचण्यांत ठरवलेल्या मुख्य कसोटीवर उतरले नाही. मुलाची जनुकीय तपासणी मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून जरूर करा. फ्रॅजाइल एक्ससाठी रक्त पुरते. एफएमआर१ जनुकातल्या सीजीजी या तीन डीएनए-अक्षरांची पुनरावृत्ती २०० च्या वर गेली की निदान पक्के, आणि मग आईची, मावशीचीही तपासणी करावी लागते.