छेद कुठे गेला?

प्रश्न : मी आदिवासी भागातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गणिताची शाळेपासून धास्ती. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र शिकायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, भागाकार येतो ना? मग झालं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी काविळीची साथ आली. मोठ्या पाड्यावर 12 रुग्ण, धाकट्यावर 8. मी जीप मोठ्याकडे वळवली. संध्याकाळी आमच्या आरोग्यसेवकानं विचारलं, "साहेब, पण माणसं किती तिथं?" मोठ्यावर 600, धाकट्यावर 160. म्हणजे शंभरात 2 आणि शंभरात 5! विहीर धाकट्या पाड्याचीच नासली होती. अंश मोजला, छेद विसरलो.

लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी 1854 मध्ये पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत दूषित पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. (साथ तोवर ओसरू लागली होती, हे कुणी सांगत नाही.) मला त्यांचा त्याच वर्षीचा दुसरा तक्ता जास्त आवडतो. शहरातल्या सांडपाण्यानं घाण झालेलं थेम्सचं पाणी पुरवणाऱ्या कंपनीच्या दर 10,000 घरांमागे पटकीचे 315 मृत्यू. नदीच्या वरच्या अंगाचं पाणी देणाऱ्या कंपनीच्या घरांमागे 37. गल्ली तीच, शेजारही तोच. फरक फक्त नळाचा.

तुम्ही या महिन्याचं ओपीडी रजिस्टर घ्या. पाच वर्षांखालच्या जुलाबाच्या मुलांची पाडावार नोंद करा. छेद आशाताईंच्या सर्वेक्षण वहीत आहे. पी-व्हॅल्यूचं (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखणारा आकडा) दिवाळीनंतर बघू. तक्ता मात्र पाठवा, हातानं आखलेला चालेल.