फोटोग्राफीच्या मेळ्याची दृश्य-ओळख आणि कॅटलॉग करताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की बावीस गॅलऱ्यांच्या फोटोग्राफी मेळ्याचं काम अंगावर आलंय, पोस्टरवर कोणाचा फोटो घ्यावा ते ठरत नाहीये आणि कॅटलॉगला हात कुठून घालावा ते कळत नाहीये. पोस्टरपुरतं माझं उत्तर ठाम आहे: कोणाचाच फोटो घेऊ नका.

मेळ्यात प्रत्येक गॅलरी पैसे भरून जागा घेते. शहरभर एकाच गॅलरीचा फोटो झळकला की उरलेल्या एकवीस जणांना हा मेळा परका वाटतो. मी केलेल्या पहिल्या मेळ्यात नेमकं हेच झालं, आणि त्यांची नाराजी रास्त होती. शिवाय पोस्टर म्हटलं की तारीख, पत्ता, प्रायोजकांची पट्टी असं सगळं त्या फोटोवर चढवावं लागतं. आपल्या चित्रावर अक्षरं नकोत असं म्हणण्याचा छायाचित्रकाराला पूर्ण हक्क आहे. कॅटलॉगसाठी मिळालेली परवानगी पोस्टरला चालते असंही धरून चालू नका, ती वेगळी मागा.

फ्रान्समधल्या आर्ल गावात १९७० पासून छायाचित्रणाचा मोठा महोत्सव भरतो. तो विक्रीचा मेळा नव्हे, पण प्रश्न तोच. ग्राफिक डिझायनर मिशेल बुव्हे यांनी २००२ ते २०१४ या काळात त्याची पोस्टरं केली, आणि त्यांवर होती रंगवलेली भाज्या, फळं, प्राणी. छायाचित्रांच्या महोत्सवाच्या पोस्टरवर छायाचित्रच नाही! तरी दुरून पाहिलं तरी ओळख पटायची. छायाचित्रांशी स्पर्धा न करणारी ओळख किती मोकळी होऊ शकते, हे मी तिथून शिकलो.

दुसऱ्या मेळ्यासाठी मी देवनागरीकडे वळलो. डार्करूममध्ये ओले प्रिंट चिमट्यांनी दोरीला टांगतात ना, आपली शिरोरेषा मला तशी दिसली. नावाची शिरोरेषा उजवीकडे लांबवली आणि तिला फोटोंच्या नेहमीच्या प्रमाणांतल्या रिकाम्या चौकटी टांगल्या: ३:२, ४:५, चौरस. दालनांच्या पाट्या, पास, पिशव्या, सगळं त्या एका रेषेवर उभं राहिलं. रंग एकच ठेवला, तोही छपाईच्या नेहमीच्या चार शायांतून न बनवता पाचवी वेगळी शाई म्हणून छापला. तो रंग फोटोच्या पानावर मात्र येऊ दिला नाही, कारण शेजारी भडक रंग असला की फोटोतले रंग डोळ्याला वेगळेच दिसतात.

कॅटलॉगची सुरुवात मुखपृष्ठापासून नको, कॅप्शनच्या तक्त्यापासून करा. छायाचित्रकार, शीर्षक, फोटो काढल्याचं वर्ष, प्रिंट केल्याचं वर्ष (दोन्हींत चाळीस वर्षांचं अंतर असू शकतं आणि किंमत त्यावर फिरते), प्रिंटची पद्धत, माप, आवृत्ती किती प्रतींची. माप कागदाचं की प्रतिमेचं, हे प्रत्येकाला विचारा. घेणारा माणूस हे सगळं वाचतो. हा तक्ता भरून आल्याशिवाय ले-आउटला बसू नका.

मग पानाचा आकार. इथे थोडं गणित करा. २१ बाय २८ सेंमीच्या उभ्या पानात दीड सेंमी समास सोडला, तर ३:२चा आडवा फोटो १८ बाय १२ येतो आणि उभा फोटो जवळपास १६.७ बाय २५. म्हणजे उभ्याला आडव्याच्या जवळजवळ दुप्पट जागा! चौरस पानात हा भेद मिटतो, पण २३ बाय ३६ इंची कागदात चौरस पान बसवलं की पट्टी बरीच वाया जाते. प्रेसवाल्याला आधीच गाठा, १६ पानांचा फर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) कसा पडतो ते कागद दुमडून बघा. फोटो कापून जागा भरायची नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

कागदाच्या बाबतीत माझा हात चांगलाच पोळलाय. हाताला छान लागतो म्हणून मी अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेला कागद घेतला. तो शाई पितो, छपाईचा ठिपका पसरतो आणि मधल्या छटा काळवंडतात. फाइली त्या कागदासाठी उजळून घ्यायला हव्या होत्या, मी घेतल्या नाहीत. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांच्या पावसाळी रस्त्याच्या फोटोतला सगळा ओलावा चिखल होऊन गेला. त्यांनी प्रत हातात घेतली आणि काही न बोलता मिटली. ते पान मला अजून आठवतं.

तेव्हापासून फोटोंची पानं मॅट कोटेडवर (न चकाकणाऱ्या लेपाच्या कागदावर) आणि लेख-याद्या अनकोटेडवर, असे फर्मे मी वेगळे ठेवतो. कृष्णधवल फोटो चार रंगांत छापले की पानागणिक कधी हिरवट, कधी तांबूस झाक येते, आणि नुसत्या काळ्या शाईत ते पोरके दिसतात. बजेट असेल तर काळी आणि राखाडी अशा दोन शायांचा ड्युओटोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेऊ नका. २५ सेंमी उंचीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) साधारण २९५० पिक्सेल लागतात, हा आकडा गॅलऱ्यांना पहिल्याच पत्रात कळवा.

आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, बघायला जाताना गॅलरीकडून दोन-तीन मूळ प्रिंट मागून घेऊन जा. ट्यूबलाइटखाली नाही, ५००० केल्व्हिनच्या (दिवसाच्या उजेडासारख्या) दिव्याखाली प्रिंट आणि प्रूफ शेजारी ठेवा. प्रेसमध्ये तसा दिवा नसेल तर सकाळी जा, आणि दोन्ही दाराशी उजेडात आणून बघा.