माझ्या पगला जाहिरातीची ऑफर आली आहे, स्वीकारू का?

तुमच्या पगचे इन्स्टाग्रामवर 22 हजार फॉलोअर्स झालेत आणि कपड्यांची एक कंपनी रीलचे पैसे द्यायला तयार आहे, घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. पण वेळ आणि जागा कुत्र्याच्या सोयीची ठेवा. माझी यात मोठी चूक झालेली आहे.

मी जळगावची. आमचा भोलूही पगच. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने त्याच्यासाठी खाऊची पाकिटं आणि जरीचा अंगरखा पाठवला, बदल्यात तीन रील मागितल्या. मे महिना होता. उजेड चांगला म्हणून मी सकाळी अकराला त्याला गच्चीवर नेलं. दुसऱ्याच टेकला तो जांभया द्यायला लागला, सारखं नाक चाटायला लागला, मोबाईलकडे बघेना. मला वाटलं, कंटाळला. कुत्रा घाबरला, त्याला नको झालं की असंच करतो, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. चौथ्या टेकला घशातून घरघर सुरू झाली, जीभ जांभळट पडली आणि तो पाय फाकवून बसला. अंगरख्याची गळ्याची गाठ सुटेना, शेवटी कात्रीने कापली. मोरीत निजवून अंगावर पाणी ओतलं आणि तसाच ओला रिक्षाने दवाखान्यात नेला. ताप 106 होता. वाचला बिचारा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पगचं तोंड चपटं, नाकपुड्या अरुंद, त्यामुळे हवाच पुरत नाही. त्यात आपल्या खान्देशात पारा 44-45 वर जातो.

आणखी एक मनापासून सांगते. 2003 मधली हच या मोबाईल कंपनीची जाहिरात आठवते? मुलाच्या मागे मागे फिरणारा तो पग बघून देशभर पगची मागणी वाढली. भुसावळला, चोपड्याला कूलरसमोर धापा टाकत पडलेले पग मी पाहिलेत. तुमची रील बघूनही कोणीतरी पिल्लू घेईलच. म्हणून मी भोलूच्या श्वासाचा त्रासही दाखवते, नुसतं गोड तोंड नाही.

कायद्याचं थोडक्यात: पैसे घेतले किंवा वस्तू फुकट मिळाली, तरी रीलवर ‘जाहिरात’ असं ठळक लिहावं लागतं. खातं कुत्र्याच्या नावाचं असलं तरी जबाबदारी तुमची. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीशी बोलणं तोंडी ठेवू नका, किती रील, कधी, किती पैसे, सगळं लिहून घ्या.

आता मी सकाळी साडेसहाला मेहरूण तलावावर दहा मिनिटं शूट करते. गळ्यात फार तर सैल रुमाल. भोलूने तोंड फिरवलं की मोबाईल पर्समध्ये. तुमचं शूट मे महिन्यात ठरत असेल तर पाऊस पडल्यानंतरची तारीख मागा. कंपनी ऐकत नसेल तर ते काम सोडून द्या.