ताप गेला, मग हे डाग कसले?

प्रश्न : डॉक्टरबाई, माझा नातू चार वर्षांचा. सर्दी-तापातून उठून पंधरा दिवस झाले, पोरगं ठणठणीत होतं. परवा अंघोळ घालताना मांडीवर काळे-निळे डाग आणि पायांवर बारीक लाल ठिपके दिसले. मला आधी वाटलं, बालवाडीत कुणी मारलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट १४ हजार! डॉक्टर म्हणतात, ‘आयटीपी आहे, सध्या औषध नको, लक्ष ठेवू.’ शेजारीण म्हणते डेंग्यूच आहे, प्लेटलेट चढवा, पपईच्या पानांचा रस पाजा. दोन दिवस पाजला. काय करू?
– एक आजी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आजी, आधी तो रस बंद करा. त्या कडू पाण्यानं पोराला उलट्या झाल्या, तर निस्तरायचं कुणी?

डेंग्यूत प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, घसरतात त्या आजार चालू असताना, बहुधा ताप उतरायच्या सुमारास. तुमच्याकडं ताप जाऊन पंधरवडा झाला. आयटीपी, म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, वेगळा : विषाणूशी लढताना शरीराची गफलत होते आणि ते स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करतं. ती चिकटली की पोटातली प्लीहा (स्प्लीन) त्या प्लेटलेट नष्ट करते. बाहेरून चढवलेल्यांचीही तीच गत, म्हणून जिवावरचा रक्तस्राव असेल तरच चढवतात.

दीड ते साडेचार लाखांच्या जागी १४ हजार बघून कुणाचंही धाबं दणाणेल. मी मात्र आकड्याआधी पोराला ‘आ’ करायला लावते. गालाच्या आत रक्ताचे फोड आहेत का, हिरड्यांतून रक्त येतंय का? नुसते कातडीवरचे डाग असतील, तर तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. दहातली सात-आठ मुलं सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. रक्तस्राव वाढला, तर स्टेरॉईड किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) देता येतं. फक्त रक्ताचा दुसरा आजार नाही ना, याची खात्री करायला एवढं विचारा : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी ठीक आहेत ना, आणि रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिली ना?

ताप आला तर पॅरासिटामॉलच. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, कमरेत इंजेक्शन नको. धडपड, सायकल बंद. शिवाजी पेठेतल्या पोराला फुटबॉल नको म्हणणं अवघड, ते मला ठाऊक आहे. पण सध्या नकोच.

मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. तरी डोक्यावर पडला, डोकं दुखून उलट्या झाल्या, सुस्तावला, शी काळी किंवा लघवी लाल झाली, नाक दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबेना, तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा. एरवी सांगितलेल्या तारखेलाच तपासणी करा. रोज सुई टोचून आकडा बघू नका.