चित्राच्या मागे लिहून ठेव

प्रिय मुली,

विकलं जातं तेच चित्र काढावं का, असं तू पत्रात विचारलंस. उत्तर तुला ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. मला बोचलं ते तुझं शेवटचं वाक्य: ‘चित्रं चांगली असतील तर टिकतील, नसतील तर जाऊ देत.’ ऐकायला थोर वाटतं. पण साफ खोटं आहे.

चांगलं आपोआप टिकत नाही. कुणीतरी सांभाळतं, तेव्हा टिकतं.

चित्रकार व्हॅन गॉग १८९० मध्ये गेला आणि सहा महिन्यांत त्याचा भाऊ थिओही गेला. मागे उरली थिओची तरुण बायको योहाना, पदरात तान्हं मूल आणि न विकलेल्या चित्रांचा ढीग. तिनं तो ढीग सांभाळला. बेताबेतानं चित्रं विकली, प्रदर्शनांना दिली, १९०५ मध्ये ॲम्स्टरडॅमला मोठं प्रदर्शन भरवलं, १९१४ मध्ये भावाभावांची पत्रं छापून आणली. चित्रं १८९१ सालीही तीच होती ना? मग फरक कुणी पाडला?

उलट बाजू मूकपटांची. बोलपट आले आणि जुन्या रिळांना गिऱ्हाईक उरलं नाही. त्यात ती नायट्रेटची, भसकन पेट घेणारी, ठेवायची म्हणजे खर्चच. कित्येक रिळं त्यातल्या चांदीसाठी मोडीत काढली. अमेरिकेतल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी आज मूळ स्वरूपात उरलेत जेमतेम १४ टक्के. जे गेले ते वाईट होते म्हणून गेले नाहीत. त्या वर्षीच्या हिशेबात ते बसत नव्हते, एवढंच.

आणि तुझ्यासाठी मुद्दाम सांगतो, यूडिथ लेस्टर. सतराव्या शतकातली डच चित्रकार. मेल्यावर तिचं नावच पुसलं गेलं, चित्रं त्याच काळच्या नामांकित चित्रकार फ्रान्स हाल्सच्या नावावर खपत राहिली. १८९३ मध्ये अशाच एका ‘हाल्स’वर तिच्या नावाची आद्याक्षरं आणि शेजारी छोटा तारा सापडला. रंगाचा एक ठिपकाही बदलला नव्हता, तरी चित्राचा भाव उतरला. बाईचं नाव लागलं की काय होतं ते बघ. पण तिनं ती खूण केली नसती तर आज ती आपल्याला मिळालीच नसती.

म्हणून सही कर. कॅनव्हासमागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं नाव, साल, माध्यम, माप लिही. कापडावर शाईनं नको, पुढे उमटते. कुणाला चित्र दिलंस, कधी दिलंस, वहीत नोंद कर. फोटो फक्त फोनमध्ये ठेवू नकोस. आणि हे काम चित्र ‘झाल्यावर’चं समजू नकोस. ही नोंद होईपर्यंत चित्र पुरं झालेलं नाही.

माझा एक मित्र होता. तो गेल्यावर घरच्यांना खोली रिकामी हवी होती, मी पोचलो तोवर सगळं गेलेलं. तो माझ्यापेक्षा फार चांगला चित्रकार होता. पण हे तुला केवळ माझ्या शब्दावर मानावं लागतंय, दाखवायला माझ्याकडे एक कागद नाही. तेव्हापासून मी माझ्याच नव्हे, बरोबरच्यांच्या कामाच्याही वह्या ठेवतो. लोक याला कारकुनी म्हणतात. तेवढ्या वेळात माझी आणखी चित्रं झाली असती म्हणतात. झाली असती, मान्य. आणि गेली कुठं असती?

बाजाराचं ऐकू नकोस, जरूर. पण बाजाराला नको ते सांभाळायला बाजार येणार नाही, हेही डोक्यात घे. ते तुलाच करायचंय, आणि तुझ्यामागे करील असं एक तरी माणूस हाताशी धरायचंय.

जागा नाही म्हणून मैत्रिणींना वाटलेल्या चित्रांचं तू जाता जाता लिहिलंयस. कुणाकडे काय आहे, आठवतंय तोवर उतरवून काढ. पुढच्या पत्रात मला प्रश्न नकोत, ती यादी हवी.

तुझा,
काका