आई पाणी का पीत नव्हती

‘मॅडम, आईचं सगळं मी करतो. फक्त ते एक होत नाही.’

आमच्या नर्सबरोबर मी आजारी माणसांच्या घरी भेटी देते. घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आईचं बघणाऱ्या पुरुषांकडून हे मी पुष्कळदा ऐकलंय. ‘ते’ म्हणजे काय, हे कुणी फोडून सांगत नाही. सगळं बोलून झालेलं असतं, मी सपरीत, म्हणजे ओसरीत, चपला घालत असते, तेव्हा हळूच विषय निघतो. आईला लघवी-संडासला बसवणं, तिचं अंग धुणं, ओला कपडा बदलणं, हे मुलानं कसं करायचं? घरात बाई नसेल तर काय करायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घरात मला याचं उत्तर मिळालं, तेही आधी माझी चूक झाल्यावर. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. त्या मुलाला मी दादाच म्हणायचे, इथंही तसंच म्हणते.

दादा अडतीस वर्षांचा. चार एकर कोरडवाहू, कापूस नि तूर. लग्न नाही झालं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं आमच्याकडे किती अवघड झालंय, ते वेगळं सांगायला नको. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, बहीण दिग्रसकडे दिलेली. दिवाळीनंतर आईला लकवा मारला. डावी बाजू लुळी पडली, बोलणं जरा जड झालं, पण समज शाबूत होती.

एप्रिलच्या शेवटी त्याचा फोन आला तो वेगळ्याच कारणानं. ‘आई भ्रमिष्ट झाली.’ दोन रात्री ती मेलेल्या नवऱ्याला हाका मारत होती, ‘बैल सोडा, पानी आलं’ म्हणून ओरडत होती. शेजारच्यांनी बाहेरचं काही आहे म्हणून बाजेच्या पायाला लिंबू-मिरची बांधली होती. आमच्या सिस्टर सोबत होत्या. त्यांनी लिंबाकडे पाहिलंही नाही. आधी जीभ पाहिली, मग बाजेवरचं फडकं. जीभ कोरडीठाक, फडक्यावर काळ्या चहासारखा डाग. बाहेर पारा ४४ वर. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. चार दिवस सलाईन आणि औषधं झाली, आणि म्हातारी ताळ्यावर येऊन तुरीचा भाव विचारायला लागली.

हे मी मुद्दाम सांगतेय. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, साखर खाली-वर होणं, नवीन सुरू केलेली गोळी, पाच-सहा दिवसांचा बद्धकोष्ठ, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. लघवी काळपट, रात्री बडबड. दादा वैतागला होता. ‘ग्लास भरून ठेवतो मॅडम, दोन घोट घेते अन् तोंड फिरवते.’ मला वाटलं ठसका लागत असेल. लकव्यात गिळण्याचे स्नायू ढिले पडले की पातळ पाणीच जास्त त्रास देतं, म्हणून माणूस पाण्याला भितं. सिस्टरनी तिला उशांच्या आधारानं नीट बसवलं आणि चमच्याचमच्यानं पाजून पाहिलं. ठसका नाही, खोकला नाही. माझा अंदाज साफ चुकला होता.

मग मी दादाला दूध आणायला पाठवलं. खरं तर दूध घरात होतं.

मी विचारलं, ‘मावशी, पाणी का नाही पीत?’

बराच वेळ ती छपराच्या कवेलूंकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘पानी पेलं की लघवी लागते. लघवी लागली की पोराले उठा लागते. जवान पोरगा हाय तो माया. त्याच्या हातून अंग धुऊन घेण्यापरीस मेलेली बरी.’

सहा महिने मुलगा लाजत होता आणि आई तहानलेली राहत होती. दोघांनाही एकाच गोष्टीचा संकोच, आणि त्यावर घरात एक शब्द निघाला नव्हता. दादाला गावातले म्हणायचे, ‘लहानपणी तिनं तुझं केलं, आता तू तिचं कर.’ ऐकायला बरं वाटतं, पण मला हे वाक्य फारसं आवडत नाही. तान्ह्या लेकराला लाज नसते. सत्तर वर्षं डोक्यावरचा पदर सांभाळलेल्या बाईला ती असते, आणि लकव्यानं ती काही जात नाही.

दादा परत आला तेव्हा मी त्याच्यासमोरच तिला विचारलं, कोणतं काम कुणाच्या हातून चालेल? हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिनं पटापट सांगितलं. केस विंचरणं, पाठ पुसणं, कूस बदलणं पोरानं केलं तर चालेल. बाकीचं नाही. उजवा हात चांगला होता. मग सिस्टर म्हणाल्या, ‘बाकीचं तुम्हीच करा ना मावशी.’

पुढचा तासभर सिस्टरनी शिकवलं. जुन्या लुगड्याचा सुती तुकडा कमरेपासून गुडघ्यापर्यंत पांघरायचा आणि सगळं त्याच्या खालीच करायचं. दादानं कोमट पाणी आणि ओलं फडकं तिच्या उजव्या हातात द्यायचं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तिनं स्वतः पुसायचं, पुढून मागे, कधीच मागून पुढे नाही, नाहीतर संडासचे जंतू लघवीच्या वाटेला जातात. पोलकं पुढून उघडं शिवायचं. घालताना आधी लुळा हात, काढताना लुळा हात शेवटी. दादा नेमकं उलटं करत होता, त्यामुळे रोज तिचा खांदा ओढला जायचा आणि ती ओरडायची. ती ओरडते म्हणून तो घाबरायचा, घाबरला की अजून घाई करायचा.

कूस बदलताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तरी पांढरा पडेना. पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची ती सुरुवात होती. दादा त्यावर तेल चोळत होता. तसल्या जागी चोळायचं नाही, आतली कातडी अजून दुखावते. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. सरकवताना ओढायचं नाही, खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी चादरीसकट उचलायचं. दादानं मोबाईलवर गजर लावले. रात्रीचे गजर तो बंद करून झोपतो, असं त्यानं मला पुढच्या भेटीत कबूल केलं. मी रागावले नाही. दिवसभर वखर चालवून आलेल्या माणसाला रात्री दोनदा उठणं होत असेल तर दोनदा, असं सिस्टरशी बोलून ठरवलं, आणि हवेची गादी भाड्यानं मिळवली.

पाण्याचं उत्तर मात्र पाण्यात नव्हतं, माणसात होतं. संडासनंतरचं धुणं तिला एका हातानं जमत नव्हतं. तिला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यातले हजार देऊन शेजारची काकू सकाळी अर्धा तास येऊ लागली. हिला घरात घ्यायचं हे कुणी ठरवलं? मावशीनं. दादानं आधी दुसरीच बाई आणली होती, तिला मावशीनं दारातूनच परत पाठवलं. बहिणीनं फोनवर ऐकवलं, ‘आईसाठी भाड्याची बाई ठेवली का?’ दादा दोन दिवस जेवला नाही. मी बहिणीशी बोलले. ती चांगली बाई आहे, फक्त लांब आहे, आणि लांबून सेवा नेहमी सोपी दिसते. आता ती महिन्यातून चार दिवस येते, तेवढे दिवस दादा मागच्या खोलीत झोपून काढतो.

बाई मिळतच नसेल तर? आशाताईंना विचारा, उपकेंद्रातल्या सिस्टरना घरी बोलवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथं निदान वाट विचारता येते. आणि कुणीच नसलं, सगळं मुलालाच करावं लागलं, तर आधी आईला विचारून, पांघरूण न काढता, आपण काय करतोय ते तोंडानं सांगत करा. ‘आता पाय उचलतो’, एवढं जरी म्हटलं तरी आकसलेलं अंग थोडं सैल होतं.

डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलं होतं. तिला हृदयाचा किंवा किडनीचा आजार नाही, म्हणून एवढं. ज्यांना आहे त्यांनी आपल्या डॉक्टरना विचारूनच ठरवावं. दादानं पाऊण लिटरच्या दोन बाटल्यांवर चाकूनं खुणा केल्या, दुपारपर्यंत कुठली रेघ, दिवे लागेपर्यंत कुठली.

जूनमध्ये गेले तेव्हा पहिला पाऊस झाला होता, दादा सरकी टोबायला शेतात होता. माकडहाडावरचा चट्टा फिकट झाला होता. मावशी बाजेवर उशीला टेकून बसलेली, बाटली उजव्या हाताशी. मला बघून तक्रार सुरू केली.

‘दोन दोन बाटल्या पाजते हा मले. मी का बैल हावो?’

आणि बोलता बोलता तिनं बाटली तोंडाला लावली.