मुदत पोळ्यावर मोजत नाहीत

मूळचे अमळनेर तालुक्यातले, आता सुरतेत उधन्याला राहणारे एक वाचक लिहितात: आई ७८ वर्षांची, स्मृती गेलेली, महिना ११ हजार भरून वीस महिने जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवली होती. रात्री ओरडते म्हणून तिथल्या मावशी तिला झोपेची गोळी देत. २०२४ च्या पोळ्याच्या रात्री ती पडली, खुबा मोडला. प्रवेश देताना ‘योग्य वाटतील ती औषधे देण्यास संमती, परिणामांस संस्था जबाबदार नाही’ या मजकुरावर सही घेतली होती. आता केस होईल का? होत असेल तर यंदा पोळ्याला गावी आल्यावर बघू म्हणतात.

अशी पत्रं बरीच येतात आणि सगळ्यांना त्या सहीची धास्ती असते. तिची एवढी धास्ती घेऊ नका. संमती असलीच तर डॉक्टरांच्या उपचाराला आहे. चिठ्ठीशिवाय मावशींनी गोळी दिली असेल तर ती त्यात बसणं अवघड. आणि ‘जबाबदार नाही’ एवढं छापल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही, असं माझं मत. ग्राहक आयोग काय म्हणेल ते कागद बघून.

तुमची केस बुडवेल तो उशीर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: कारण घडल्यापासून दोन वर्षं. दवाखान्यात दाखल केल्याची तारीख तुम्हीच कळवली आहे, ३ सप्टेंबर २०२४. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेला आहे. तुम्ही बैलांना नैवेद्य दाखवून जळगावला याल तोवर मुदत संपलेली असेल. विलंब माफीचा अर्ज असतो, पण त्याला सबळ कारण लागतं. ‘संस्थेचे विश्वस्त म्हणाले, मिटवून टाकू’ हे कारण मी तरी कोणत्याही आयोगापुढे मांडणार नाही. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. दीड वर्ष त्या आश्वासनावर काढलंत, आता ऑगस्टमध्येच तक्रार दाखल करा. ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या होते. तुम्ही राहता तिथे, म्हणजे सुरतेतही चालेल, पण साक्षीदार आणि मेडिकलचं दुकान इकडे असल्याने मी जळगाव निवडेन. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे फी नाही.

पुरावा तुमच्याच घरात आहे. दर महिन्याच्या बिलात ‘अल्प्राझोलम’ लिहिलंय, असं तुम्हीच कळवता. वीस बिलं भरली आणि एकदाही विचारलं नाही, ही गोळी कोणी लिहून दिली? असो. ही गोळी शेड्यूल एच-१ मधली. मेडिकलवाल्याला ती चिठ्ठीवरच देता येते आणि डॉक्टर, रुग्ण व संख्या यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षंच जपायचं असतं. २०२३ च्या नोंदींची मुदत यंदाच संपते. जळगावच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आजच लेखी तक्रार करा आणि ते तपासायला सांगा. संस्थेच्या डॉक्टरांकडे केसपेपर मागा, लेखी आणि पोच घेऊन. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत द्यायला हवेत. चिठ्ठीच नसेल तर केस निम्मी उभी राहिली. असेल तर मुद्दा डॉक्टरांवर जातो. तिथे तज्ज्ञाचं मत लागेल. अल्प्राझोलमच्या गटातल्या गोळ्यांनी वृद्ध पडतात, हाडं मोडतात, म्हणून त्या टाळाव्यात असं सांगणारी ‘बीअर्स’ यादी अमेरिकेत १९९१ पासून आहे, आणि ती मुळात अशा आश्रमांतल्या वृद्धांसाठीच केली होती. ती जोडा. आपल्याकडे तिला कायद्याचं बळ नाही.

संस्थेने पावत्या ‘देणगी’ म्हणून फाडल्या असतील तर तुम्ही ग्राहकच नाही, असा बचाव येईल. बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवलं की तो बहुधा टिकत नाही.

पोलिसांत जायचं का? आत्ता नको. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) डॉक्टरांवर फौजदारीसाठी आधी दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत लागतं, त्यात महिने जातील. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. तुम्ही काही वर्षं धरून चाला.

आई आता चोपड्याला बहिणीकडे आहे. तिथे ती गोळी अजून चालू असेल तर रागाच्या भरात एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. बहिणीकडचं डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट न करता जपून ठेवायला सांगा. मूळ प्रत लागेल.